बुटकी गाडी, लांबचा पल्ला

लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स हे ब्रिटनच्या दोन टोकांमधले सुमारे १,४०० किलोमीटर अंतर हौशी मंडळी जुन्या एमजीबीतून कापतात. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या उघड्या गाडीत आसन जमिनीलगत, पाय पुढे पसरलेले. पोटरीचे स्नायू हलले की शिरांतले रक्त हृदयाकडे ढकलले जाते. तासन् तास ते हलले नाहीत तर गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास हा धोका, मुळात कमी असला तरी, सुमारे दुप्पट होतो. इंजिन तापले की थांबणारे मालक पायांसाठी मात्र थांबत नाहीत! दर दोन तासांनी उतरून चालावे. नंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली तर चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली तर थेट रुग्णालय गाठावे.