अंधारातला माहौल आणि हुनराची किंमत

संगणकावरचा खेळ म्हटला की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. मुलगा वेळ आणि पैसा वाया घालवतो आहे, एवढाच अर्थ आपण काढतो. परंतु व्यापारी बांधवांनी या खेळाकडे एकदा माल म्हणूनही पाहावे. हा माल कशाचा बनतो व त्यात कोणाचे हुनर लागते, हे समजले तर घरातील चित्रे काढणाऱ्या मुलाविषयी निर्णय घेणे सोपे जाईल.

उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा मारधाडीचा खेळ बाजारात आणला. कथा साधी आहे. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या सणात असुर हल्ला करतात आणि तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. त्याच्या शोधात ती ओस पडलेल्या किल्ल्या-महालांतून एकटी लढत जाते.

एवढ्याशा कथेत खेळणारा गुंगतो तो माहौलामुळे. आपल्याकडे दास्तान सांगणारे हेच करीत. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. ते जुन्या पिढीतले अखेरचे नामांकित दास्तानगो. ते केवळ आवाजाच्या चढउताराने ऐकणाऱ्यासमोर तिलिस्म उभे करीत. खेळात हेच काम अनेक कारीगर मिळून करतात.

पहिली गोष्ट नजरेची. या खेळात दृश्य उंचावरून व दुरून दिसते. अवाढव्य भिंतींपुढे मुलगी इवलीशी वाटते आणि न सांगताच तिचे एकटेपण कळते. दुसरी गोष्ट उजेडाची. सगळीकडे लख्ख उजेड असेल तर भीती उरत नाही. अंधारात नेमक्या जागी दिवा ठेवला की नजर तिकडेच जाते. कापडाच्या दुकानात भारी साडीवर दिवा सोडतात, तोच हिशेब. तिसरी गोष्ट आवाजाची. बीडच्या खजाना विहिरीत उतरताना पावलांचा आवाज बदलतो व आपण आपोआप सावध होतो. खेळातही जागेप्रमाणे आवाज बदलावा लागतो. चौथी गोष्ट कथा सांगण्याची. 'राजी'त मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून दाखवले आहेत आणि जुन्या कथा भिंतीवरच्या चित्रांतून उलगडतात. लांबलचक भाषणाची गरज पडत नाही.

आता धंद्याची बाजू. २०१७ साली या कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे जमवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम थांबले नाही. पुढे २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांच्या यादीत 'राजी'चे नाव आले. बक्षीस दुसऱ्याला मिळाले. खेळ लवकर संपतो व शेवट अर्धवट वाटतो, अशी तक्रारही झाली. म्हणजे हा झटपट नफ्याचा धंदा नाही, हे ध्यानात ठेवावे.

मात्र शिकण्यास भांडवल थोडे लागते. बरा संगणक हवा. 'ब्लेंडर' हे चित्र घडवण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे. जाळी, महिरप, वेलबुट्टी, चामड्याची शिवण यांची खरी जाण मात्र सॉफ्टवेअर देत नाही. ती कारीगराच्या घरात असते. एके काळी बीडची छागल नावाजलेली होती. ती कशी कापत व शिवत, हे पाहिलेला माणूस खेळातल्या शिपायाची पखाल खरी वाटेल अशी काढू शकेल.

एक खबरदारी घ्यावी. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ निराळे. त्यांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. खेळ बनवणे हे मात्र मेहनतीचे काम आहे. तेव्हा मुलाच्या हातातील फोन काढून घेण्याआधी त्याची चित्रांची वही एकदा उघडून पाहावी.