पुराणपुरुषापासून नागराजापर्यंत

लालबागच्या गणेशगल्लीतील मंडळाने 1977 साली आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मूर्तिकार दीनानाथ वेलिंग यांच्याकडून 22 फूट उंचीची गणेशमूर्ती घडवून घेतली, आणि अजस्र तरीही प्रसन्न असा देह कसा असतो, हे चित्रशाळेत जाऊन शिकण्याचे या गिरणगावातील मुलांना कारण उरले नाही. त्याच मुलांच्या हाती, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून आणलेले, कोपरे दुमडलेले चित्रकथांचे अंक असत. त्यांतील कितीतरी अंकांचे रेखन पुण्याच्या प्रताप मुळीक यांचे होते. आपल्याकडील महानायकाला प्रारंभीच्या काळात ज्यांनी रूप दिले, त्या चित्रकारांत मी मुळीकांना अग्रमान देतो.

अनंत पै यांनी 1967 साली इंडिया बुक हाऊस या पेढीमार्फत ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिच्यात राम वाईरकर यांनी ‘कृष्ण’ रेखाटला. मुळीकांच्या वाट्याला पुराणपुरुषांबरोबर शिवछत्रपतीही आले. त्या ‘शिवाजी’ अंकाची संहिता भा. रा. भागवत यांची, म्हणजे ‘फास्टर फेणे’च्या जनकाची होती. 32 पानांत एक अवघे चरित्र बसवायचे, प्रत्येक चौकटीत पात्र निराळ्या कोनातून दिसावे पण निराळे भासू नये, मजकुरासाठी जागा राखावी आणि तरीही घोड्याच्या टापेखालची धूळ उडती राहावी, हा हुन्नर पेन्सिलीच्या कच्च्या रेघेत अर्धा आणि शाईच्या कुंचल्यात अर्धा असतो. शाईची रेघ एकदा पडली की मागे घेता येत नाही. मुळीकांच्या रेघेत संकोच नाही. वस्त्राची चुणी, दंडाचा पीळ, पायाखालची जमीन, सारे एका दमात आल्यासारखे वाटते.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लालबागचे भोंगे मुके झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना जीवघेणी दुखापत झाली. ‘दीवार’मधील गोदी कामगाराला आपला मानणाऱ्या या वस्तीत त्या दिवसांत चिंतेचे विषय दोन होते. त्यानंतर थोड्याच अवधीत, पम्मी बक्षी यांच्या संपादनाखाली आणि गुलजार यांच्या सल्ल्याने, स्टार कॉमिक्सच्या अंकांत बच्चन ‘सुप्रीमो’ या महानायकाच्या रूपात अवतरले, चित्रे मुळीकांची. अंगासरशी गुलाबी पोशाख, कमरेला लुंगीसारखे वस्त्र आणि काळा चष्मा, हा वेष मला कधीच शोभिवंत वाटला नाही. परंतु ज्याची मुद्रा अवघ्या देशाला पाठ आहे, असा पुरुष प्रत्येक चौकटीत ओळखू यावा आणि तरीही तो छायाचित्राची नक्कल होऊ नये, ही कसोटी मुळीकांनी पार पाडली.

आणि मग 1986 साली दिल्लीच्या राज कॉमिक्सचा नागराज आला. हिरवी खवलेदार त्वचा, रक्तात वास करणारे सूक्ष्म सर्प, विषारी फुत्कार. दहशतीचे हत्यार म्हणून घडवलेल्या या तरुणाला मुक्त करतात ते बाबा गोरखनाथ. नवनाथांच्या पोथीचे पारायण ऐकत वाढलेल्या चाळीतील मुलाला ही कथा परकी कशी वाटावी? अमेरिकेत 1938 साली जो शुस्टर यांनी सुपरमॅनला सर्कशीतील बलदंड पुरुषाचा पोशाख चढवला. मुळीकांचा नागराज मात्र, माझ्या मते, राम आणि शिवाजी रेखाटलेल्या हाताने काढलेला आहे. त्याच्या उभे राहण्यात पहिलवानाचा आविर्भाव नसून देवमूर्तीचे स्थैर्य आहे, आणि हेच त्यांचे खरे कर्तृत्व होय. 1995 च्या सुमारास ही धुरा अनुपम सिन्हा यांच्याकडे जाईपर्यंत नागराजाची बहुतांश घडण मुळीक, त्यांचे साहाय्यक चंदू, मिलिंद मिसाळ आणि विठ्ठल कांबळे यांच्या हातून झाली.

मुखपृष्ठांबद्दल आपण दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची नावे आदराने घेतो, ती घेतलीच पाहिजेत. परंतु महाराष्ट्राच्या चित्रकलेच्या दफ्तरात या बोलक्या चौकटींची नोंद अद्याप पुरेशी झालेली नाही. ज्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत ते अंक अजून पडले असतील, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी पहिले पान उघडून चित्रकाराचे नाव तेवढे वाचावे.