टर्बोप्रॉप विमान : विस्काउंटपासून ओझरपर्यंत

नाशिकजवळील ओझर येथे १९६४ साली विमान-कारखाना उभा राहिला, तो ध्वनीहून अधिक वेगाने जाणाऱ्या मिग-२१ या जेट विमानासाठी. पुढे मिग-२७ व सुखोई-३० एमकेआय ही जेट विमानेही तेथे तयार झाली. त्याच कारखान्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये एचटीटी-४० या टर्बोप्रॉप प्रशिक्षण-विमानाच्या उत्पादनाची शाखा सुरू झाली. टर्बोप्रॉप म्हणजे पिस्टन-एंजिन व जेट यांच्यामधील केवळ एक संक्रमणावस्था, असा समज एके काळी रूढ होता. तो का टिकला नाही, हे या विमानांच्या आरंभीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

जेट व टर्बोप्रॉप यांचा गाभा एकच आहे. संपीडकाने दाबलेल्या हवेत इंधन जळते व तप्त वायूंच्या योगाने टर्बाइन फिरते. जेटमध्ये उरलेली ऊर्जा मागे सुटणाऱ्या झोतास मिळते. टर्बोप्रॉपमध्ये ती बहुतांशी दंतचक्रांच्या द्वारा प्रॉपेलरकडे जाते. रेटा हा हवेचे वस्तुमान व तिच्या वेगातील वाढ यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दुप्पट हवेला निम्मा वाढीव वेग देऊन तोच रेटा मिळविला, तर झोताबरोबर वाया जाणारी ऊर्जा निम्मी होते. या लाभास मर्यादा आहे. विमानाचा वेग ताशी ७०० किलोमीटरांच्या आसपास गेला की पात्यांची टोके ध्वनिवेगाजवळ येतात आणि प्रॉपेलरची कार्यक्षमता घसरू लागते.

हे तत्त्व प्रवासी वाहतुकीत प्रथम उतरविले ते ब्रिटनच्या व्हिकर्स विस्काउंटने. त्याचे पहिले उड्डाण १६ जुलै १९४८ रोजी झाले, आणि नियमित प्रवासी सेवा एप्रिल १९५३ मध्ये सुरू झाली. त्याच्या रोल्स-रॉइस डार्ट एंजिनाची रचना साधी होती : एकच दंड, दोन टप्प्यांचा केंद्रोत्सारी संपीडक, आणि मिनिटास सुमारे पंधरा हजार फेऱ्यांचा वेग प्रॉपेलरसाठी एक-दशांशाच्या आसपास आणणारी दंतचक्रे. पिस्टनांचा हादरा नाहीसा झाल्याने प्रवास विलक्षण शांत झाला.

लांब पल्ल्यावर मात्र टर्बोप्रॉपचा टिकाव लागला नाही. ब्रिस्टल ब्रिटानिया १९५७ च्या फेब्रुवारीत सेवेत आले. पुढच्याच वर्षी बोइंग ७०७ अवतरले. अमेरिकेतील लॉकहीड इलेक्ट्राची दोन विमाने १९५९ व १९६० साली हवेतच मोडली. एंजिनाची बैठक सैल पडल्यास प्रॉपेलरचे घूर्णी डोलन पंखाच्या कंपनाशी जुळून पंखच तुटतो, असे तपासात आढळले.

भारतात इंडियन एअरलाइन्सने १९५७ साली विस्काउंट व त्यानंतर फॉकर फ्रेंडशिप सेवेत आणले. १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूर येथे जुळविलेल्या अ‍ॅव्हरो ७४८ ने उड्डाण केले. या तिन्ही विमानांत डार्ट एंजिनच होते. उन्हाळ्यात हवा विरळ होते, एंजिनात कमी वस्तुमान शिरते व शक्ती घटते. त्यावर उपाय म्हणून उड्डाणसमयी डार्टमध्ये पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. बाष्पीभवनाने हवा थंड व दाट होई, आणि मिथेनॉलच्या ज्वलनाने गमावलेली उष्णता भरून निघे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एकूण ८९ अ‍ॅव्हरो बांधली, आणि त्यांची डार्ट एंजिने बंगळूरला परवान्याखाली तयार होत.

एचटीटी-४० हे प्रवासी विमान नव्हे. परंतु त्याच्या टीपीई-३३१ एंजिनातही एकच दंड, दोन टप्प्यांचा केंद्रोत्सारी संपीडक व दंतचक्रे आहेत. म्हणजे डार्टची मूळ मांडणी आजही कालबाह्य झालेली नाही. मध्यम वेग, तोकडी धावपट्टी आणि इंधनाची काटकसर जेथे हवी, तेथे टर्बोप्रॉपचे स्थान अढळ आहे. अ‍ॅव्हरोचा सांगाडा व एंजिन ही दोन्ही ब्रिटिश अभिकल्पाची होती. एचटीटी-४० चा सांगाडा हिंदुस्थान एरोनॉटिक्सने स्वतः अभिकल्पित केला, एंजिन मात्र अमेरिकी हनीवेलचे आहे. भारतीय विमानविद्येने एवढ्या काळात किती अंतर कापले व किती उरले आहे, याचे माप या एका भेदावरून घेता येते.