धनुष्कोडी रेल्वेस्थानक

तमिळनाडू राज्याच्या रामनाथपुरम् जिल्ह्यातील, १९६४ पासून वापरात नसलेले रेल्वेस्थानक. रामेश्वरम् (पांबन) बेटाच्या आग्नेयीस गेलेल्या चिंचोळ्या वालुकामय भूशिरावर ते वसलेले होते. गावाच्या नावाचा अर्थ ‘धनुष्याचे टोक’ असून त्याचा संबंध रामकथेशी जोडला जातो.

स्थानकाचे महत्त्व स्थानिक वाहतुकीपेक्षा भारत–सिलोन (सांप्रतचे श्रीलंका) दळणवळणावर आधारलेले होते. पूर्वी मद्रासहून कोलंबोस जाणारे प्रवासी तुतिकोरिन बंदरातून दीर्घ सागरी प्रवास करीत. १९१४ मध्ये मुख्य भूमी व बेट यांना जोडणारा, १४५ गाळ्यांचा पांबन पूल वाहतुकीस खुला झाला आणि साउथ इंडियन रेल्वेचा मीटरमापी मार्ग धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत पोहोचला. तेथून सु. ३५ किमी. वरील तलाईमन्नारपर्यंत आगबोट व पुढे सिलोनची रेल्वे, अशी प्रवासाची सोय झाली. मद्रासहून येणारी गाडी ‘बोट मेल’ या नावाने प्रसिद्ध होती आणि कोलंबोपर्यंतचे एकच तिकीट मिळे. व्यापारी व यात्रेकरूंप्रमाणेच सिलोनच्या मळ्यांवर जाणारे तमिळ मजूरही याच मार्गाने जात. रामेश्वरम् हे त्या काळी पांबनहून निघणाऱ्या शाखामार्गावरील स्थानक होते. धनुष्कोडीस डाकघर, शाळा, चर्च, तसेच बंदर व जकात यांची कार्यालये होती.

२२–२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री प्रचंड चक्रीवादळामुळे उसळलेल्या सागरी लाटांनी गाव उद्‌ध्वस्त केले. पांबनहून निघालेली उतारूगाडी स्थानकाजवळ लाटांखाली सापडून तीतील शंभरावर लोक मृत्युमुखी पडले. पांबन पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले, तथापि ई. श्रीधरन् यांच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती अवघ्या ४६ दिवसांत पुरी करण्यात आली. धनुष्कोडीपर्यंतचा मार्ग मात्र पुन्हा बांधण्यात आला नाही. शासनाने गाव वस्तीस अयोग्य ठरविले, आगबोटींची वाहतूक रामेश्वरम्‌कडे वळविण्यात आली आणि पूर्वीचे शाखामार्गावरील स्थानक अखेरचे स्थानक बनले. श्रीलंकेतील वांशिक संघर्षामुळे ती जलवाहतूकही १९८० नंतरच्या दशकात बंद पडली.

यावरून स्थानकाच्या परित्यागाचे कारण केवळ वादळ नव्हते, हे स्पष्ट होते. रामेश्वरम्‌ची यात्रा चालू राहण्यासाठी पूल आवश्यक होता. धनुष्कोडीचे प्रयोजन मात्र आगबोटीपुरतेच होते व ते अन्यत्र हलविता येण्याजोगे होते. १ मार्च २०१९ रोजी रामेश्वरम्–धनुष्कोडी लोहमार्गाची कोनशिला बसविण्यात आली. परंतु पर्यावरणाच्या कारणास्तव त्यास विरोध झाला व मार्ग प्रत्यक्षात आला नाही. २०२५ मध्ये खुल्या झालेल्या नव्या पांबन पुलावरील गाड्यांचेही अंतिम स्थानक रामेश्वरम् हेच आहे. धनुष्कोडीस रेल्वेच्या इमारतींचे व चर्चचे भग्नावशेष उरले असून ते पाहण्यास अनेक पर्यटक येतात. आसपास मच्छीमारांच्या थोड्या झोपड्या आहेत.