कांपणे आणि कापणे

थंडीने अंग कापते आणि विळीवर भाजी कापतात. कानाला दोन्ही शब्द एकच. परंतु मोल्सवर्थच्या जुन्या कोशात पाहावे, तर थरथरण्याच्या 'का'वर अनुस्वार आढळतो. तो संस्कृत 'कंपा'चा अवशेष. भाजी कापण्याचा शब्द 'कल्प्'वरून प्राकृतमार्गे आला, त्याला अनुस्वाराचा संबंध नाही. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्दांचे रूप सारखे झाले. लिहिणाऱ्यांची सोय झाली खरी. मला मात्र तो अनुस्वार अजून हवासा वाटतो.

बीदर-कलबुर्गीच्या सीमेवर, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूला, गाणे शिकणाऱ्या मुलांच्या घरी मराठी आणि बाजारात कानडी, किंवा नेमके उलट. 1956 च्या पुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा दुभंगला, उदगीर-निलंगा एकीकडे, भालकी-औराद दुसरीकडे. भाषा मात्र रेषा पाहून थांबल्या नाहीत. तिथे 'भूकंप' दोघांनाही कळतो, पण 'कंपु' म्हटले की कानडी मुलाला सुगंध आठवतो! थरथरीला त्याचा घरचा शब्द 'नडुक'. कानाला गोड लागते ते 'इंपु'. इंपु आणि कंपु, काय सुरेख जोडी आहे!

मराठी मुलाला 'स्वराला कंप दे' म्हणावे, तर तो गळा थरथरवतो. नेमके तेच नको असते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात गमक म्हणजे स्वराचा कंपच, पण ऐकणाऱ्याला सुख देणारा, प्रकार 15. त्यांतले कंपित आणि आंदोलित वेगाने निराळे: कंपित अर्ध्या द्रुताचे, आंदोलित लघूचे, म्हणजे चौपट संथ. दरबारी कानड्याचा कोमल गंधार या संथ जातीचा. भीतीने कापणाऱ्या गळ्याला वेग आवरत नाही, म्हणून त्याला तो गंधार सापडत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जमीन हादरली, हजारो माणसे गेली. धक्के या भागातही पोचले. ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांच्यासमोर मी 'कंप' शब्द जपून काढतो. 'आंदोलन' म्हणावे, तर मुलांना मोर्चा आठवतो, आणि एखादा घोषणाही देतो! म्हणून मी 'झोका' म्हणतो. झोपाळा ढकलायचा, पण कडी कुठे अडकवली आहे ते आधी पाहायचे. मग मुले षड्ज लावतात, आणि त्यानंतरच गंधाराकडे जातात.