गेटपर्यंतची गाडी

नाहूरमधील आमच्या वसाहतीत शेवटच्या इमारतीपासून मुख्य गेटपर्यंत बरोबर अर्धा किलोमीटर अंतर आहे. तरुणांना त्याचे काही वाटत नाही. पण आमच्या अम्मी ७४ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघ्यांचे दुखणे आहे आणि वाटेत पोडियमचा चढ आहे. त्यांच्यासाठी हा अर्धा किलोमीटर म्हणजे घर आणि जग यांच्यामधली भिंतच होती. तीन वर्षांपूर्वी सोसायटीने बॅटरीवर चालणारी सहा आसनांची बग्गी घेतली आणि ही भिंत पडली. अम्मी दवाखान्यात एकट्या जाऊ लागल्या. भांडुपला खालांकडे जायचे तर गेटपर्यंत बग्गी, पुढे रिक्षा. शुक्रवारी दुपारी आमच्याकडचे वृद्ध नमाजसाठी निघत, तेव्हाही चालकदादा दोन-तीन फेऱ्या जास्त मारत.

मग गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बग्गी चढावर मधोमध थांबली. अम्मी, त्यांच्या शेजारी तिसऱ्या इमारतीतल्या आजी आणि मागे भाजीच्या पिशव्या. वरून पाऊस. दोन सुरक्षारक्षकांनी ढकलून गाडी वर आणली. अम्मी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर ओढणी झटकत एवढेच म्हणाल्या, "आता मी घरातच बरी. लोकांना धक्के मारायला लावून मला कुठे जायचे नाही."

त्यानंतर पाच आठवडे अम्मी खाली उतरल्या नाहीत. दवाखान्याची तारीख टळली. खालांचे फोन आले, तर "पाऊस आहे" हे उत्तर ठरलेले. तेव्हा आमच्या लक्षात आले की हा प्रश्न नुसत्या एका गाडीचा नाही.

बैठकीत काय ठरत होते?

सोसायटीच्या बैठकीत बग्गी विकून टाकण्याचा विषय आला. "घेताना ७० किलोमीटर चालेल म्हणाले होते, आता नऊ फेऱ्यांत मान टाकते," अशी तक्रार होती आणि ती खरी होती. नऊ फेऱ्या म्हणजे नऊ किलोमीटर. एक गृहस्थ म्हणाले, "बॅटरीच्या गाड्या चढावर कामाच्या नाहीत."

हे ऐकून आम्हाला माथेरान आठवले. अम्मींना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. दस्तुरी नाक्यापुढे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल यांसारखे अपवाद सोडता तिथे मोटार नाही. वृद्धांना वर न्यायचे तर घोडा, नाहीतर माणसाने ओढायची हातरिक्षा. अम्मींना घोडा जमणार नव्हता आणि दुसऱ्या माणसाच्या छातीवर भार टाकून बसायला त्या तयार नव्हत्या. त्या ई-रिक्षाने गेल्या. लाल मातीचा तो रस्ता, मागे-पुढे माणसे आणि सामान, आणि तरीही ती गाडी आवाज न करता चढली.

त्या ई-रिक्षांमागे बरीच वाटचाल आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षांनी सुरुवात झाली. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने माणसाने माणूस ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देण्यास सांगितले. त्याच डोंगरावर १९०७ मध्ये नेरळहून रेल्वे चढली होती. ती अब्दुल हुसैन आदमजी पीरभॉय यांनी वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभारली. ज्याला चालवत नाही त्यालाही वर पोचता यावे, ही धडपड तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे.

मग आमच्या पोडियमच्या चढाने काय घोडे मारले होते? आम्ही बैठकीत एक महिन्याची मुदत मागितली. बॅटरीच्या दुरुस्तीचे काम जाणणारा एक कारागीर गाठला आणि चालकदादांसोबत बसून सगळे समजून घेतले.

७० किलोमीटरचा हिशेब

आमच्या बग्गीत सीटखाली ८ व्होल्टच्या सहा शिसे-आम्ल बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत. एकूण ४८ व्होल्ट. प्रत्येकीची क्षमता १५० अँपिअर-तास. ४८ गुणिले १५० म्हणजे ७२०० वॉट-तास, म्हणजेच विजेच्या बिलाच्या भाषेत ७.२ युनिट.

पण ही सगळी वीज वापरायची नसते. शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तिच्यातली निम्मीच वीज वापरावी, असा जाणकारांचा सल्ला असतो. म्हणजे हातात उरली ३.६ युनिट.

आता खर्च. आम्ही चार्जिंगच्या सॉकेटला छोटा मीटर लावून मोजले. आमच्या वाटेवर, थांबे आणि चढ धरून, बग्गीला किलोमीटरमागे साधारण ०.१२ युनिट लागते. ३.६ भागिले ०.१२ म्हणजे ३० किलोमीटर. नव्या बॅटरीवर आमच्या गाडीचा खरा पल्ला एवढाच. ७० चा आकडा सपाट रस्ता, हलका भार, एकसारखा वेग आणि बॅटरी पार रिकामी करणे, अशा कागदावरच्या परिस्थितीतला असतो.

चढाचेही गणित आहे. माणसांसह ८०० किलोची गाडी १०० मीटर उंच न्यायला ०.२२ युनिट लागते. मोटरमधली तूट धरून ०.३ म्हणा. आमचा चढ जेमतेम आठ मीटरचा, म्हणजे एका चढाईला सपाटीवरच्या दोनशे मीटरएवढाच खर्च. तेव्हा चढ वीज खातो हे खरे असले तरी फार खात नाही. मग गाडी तिथेच का थांबे? कारण चढावर मोटर एकदम जास्त करंट मागते. सहांपैकी एक जरी बॅटरी आजारी असली तरी त्या क्षणी तिचा व्होल्टेज कोसळतो आणि गाडीतला नियंत्रक मोटर बंद करतो. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच.

दोष सापडले ते असे

पहिला दोष चार्जिंगच्या वेळेत होता. रात्री साडेअकराला बग्गी चार्जिंगला लागे आणि पहाटे साडेचारला काढली जाई, कारण त्याच सॉकेटवर गाड्या धुण्याचा पंप लावायचा असे. जेमतेम पाच तास. शिशाची बॅटरी सुरुवातीला भराभर भरते, पण शेवटचा पाचवा हिस्सा सावकाश भरतो. त्यालाच तीन-चार तास लागतात. रोज तो हिस्सा अर्धवट राहत होता. अपुऱ्या चार्जवर राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कडक थर बसत जातो आणि क्षमता कायमची घटते. तीन वर्षे हेच चालले होते. पोट भरण्याआधी ताट उचलून घ्यावे, तसे.

दुसरा दोष पाण्याचा. झाकणे उघडली तर दोन बॅटऱ्यांत पट्ट्या उघड्या पडलेल्या. कोणीतरी मध्ये एसीतून ठिबकलेले पाणी घातले होते. ते शुद्ध असते असा समज आहे, पण त्यात धूळ आणि धातूचा अंश येतो. नळाचे नको, बाटलीबंद पिण्याचेही नको. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच हवे.

तिसरा दोष सर्वांत मजेशीर. सणासुदीला बग्गीवर रोषणाई आणि स्पीकर बसवले होते. बसवणाऱ्याने सगळ्या संचाऐवजी एकाच बॅटरीवरून तार ओढली. त्यामुळे ती एकटी रोज जास्त रिकामी होई आणि चार्जर मात्र सहांना सारखेच खाऊ घाली. मीटर लावला तर पाच बॅटऱ्या ८.४ च्या आसपास आणि ही एक ७.६ व्होल्टवर. सणांच्या याद्या आमच्या वसाहतीत सगळ्यांच्याच आहेत, त्यामुळे दोष कोणा एकाचा नव्हता.

काय केले?

रोषणाईची तार काढली. पुढे हवीच असेल तर पूर्ण ४८ व्होल्टवरून व्होल्टेज उतरवणारे छोटे यंत्र बसवूनच, असे ठरले. आजारी बॅटरी दोन रात्री स्वतंत्र चार्जरवर ठेवली. ती बऱ्यापैकी सावरली. ज्यांच्या पट्ट्या उघड्या होत्या त्यांत आधी पट्ट्या बुडतील एवढेच पाणी घातले, चार्जिंग पूर्ण केले आणि मगच खुणेपर्यंत भरले. आधीच काठोकाठ भरले तर चार्ज होताना आम्ल उतू जाते. टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, झाकणे घट्ट लावून, साफ केला. चाकांत हवा भरली. मऊ चाक पल्ला खाते.

गाड्या धुण्याच्या पंपाला वेगळा सॉकेट मिळाला. बग्गी आता रात्री दहाला लागते आणि चार्जर स्वतः थांबेपर्यंत, सकाळी सहापर्यंत, कोणी हात लावत नाही.

तीन वर्षांच्या थकलेल्या बॅटऱ्या नव्या होत नाहीत. पण नऊवरून आम्ही रोजच्या वीस फेऱ्यांवर आलो. वीस किलोमीटरनंतर भिंतीच्या मीटरवर साधारण तीन युनिट पडतात. बॅटरीला त्यातली २.४ मिळतात, उरलेली उष्णतेत जातात. युनिटला १० रुपये धरले तरी दिवसाचे ३० रुपये. एका रिक्षाच्या भाड्याएवढ्या पैशांत वीस फेऱ्या!

शिसे की लिथियम?

अनेक सोसायट्या आता हा प्रश्न विचारतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला पाणी लागत नाही, तिचे वजन शिशाच्या निम्म्याहून कमी असते, तिच्यातली ८० टक्के वीज बिनधास्त वापरता येते आणि ती अर्धवट भरली तरी बिघडत नाही. दुपारी तासभर लावून पुन्हा कामाला जुंपता येते. किंमत मात्र सुरुवातीला बरीच जास्त. आणि तिला तिचाच चार्जर हवा. जुना शिशाचा चार्जर लावून चालत नाही. जिथे देखभालीला ठरलेला माणूस नाही, तिथे लिथियम परवडते. आम्ही त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. तोवर सहांपैकी एखादी बॅटरी गेलीच, तर जुन्यांत एकदम नवी कोरी घालणार नाही. नवीही त्यांच्याबरोबर लवकर थकते.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे असे

चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर असावी. जवळ विडी-सिगारेट, अगरबत्ती नको, मुलांचा खेळ नको. बॅटरीला हात लावणाऱ्याने अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा. सॉकेट १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला हवा. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड नको. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरत असेल तर चार्जिंग वरच्या मजल्यावर न्यावे. नोंदणी नसलेली बग्गी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. स्टेशनपर्यंत सोडण्याचा हट्ट चालकाकडे धरू नये, अडचणीत तोच येतो.

आणि शेवटचे, आमच्या मते पहिले. फेऱ्या मोजक्या आहेत, तर त्या कोणासाठी? आम्ही फलक लावला आहे: वृद्ध, गरोदर भगिनी, आजारी आणि अपंग आधी. धडधाकट माणसाने पायी जावे. क्रिकेटची बॅट घेऊन चढलेल्या मुलांना खाली उतरवताना आमच्याच घरातला एक होता, हेही कबूल करतो.

बॅटरीत दोष होता, पण मूळ दोष वेगळाच होता. गाडी सगळ्यांची होती, म्हणून ती कोणाचीच नव्हती. सार्वजनिक वस्तू ही अमानत असते हे आपण बोलतो. तिच्यात दर पंधरवड्याला पाणी घालणे हा त्या बोलण्याचा अर्थ. आता चालकदादांकडे एक वही आहे. किती फेऱ्या, किती वाजता लावली, कधी काढली, पाणी कधी घातले, सारे त्यात लिहिलेले असते.

अम्मींना खाली आणायला मात्र गणित उपयोगी पडले नाही. चालकदादाच वर आले. म्हणाले, "अम्मी, रिकामी गाडी दहा वेळा चढवून बघितली. आता तुम्ही बसा, थांबली तर मी नोकरी सोडतो." अम्मी हसल्या, चप्पल शोधू लागल्या. त्या दिवशी त्या भांडुपला खालांकडे जाऊन अंधार पडल्यावर परतल्या.

आता बग्गीत बसण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "बेटा, पाणी घातलेस ना?" चालकदादा वही उघडून दाखवतात. अम्मींना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, तरी त्या नीट बघतात आणि मगच चढतात.