सरोवर एक, उत्तरं दोन

व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर टांझानियातलं म्वांझा, तर पश्चिमेला युगांडाचा राकाई जिल्हा. नव्वदच्या दशकात दोन्हीकडे एकच प्रश्न तपासला गेला: गरमी, परमा अशा गुप्तरोगांवर उपचार केले, तर एचआयव्हीची लागण घटेल का? तर्क सरळ होता. जननेंद्रियावर जखम असली की विषाणूला आत शिरायला वाट मिळते. शिवाय दाह झालेल्या जागी शरीर सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी धाडतं आणि एचआयव्हीला नेमक्या त्याच हव्या असतात.

म्वांझात बारा वस्त्यांच्या सहा जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एका वस्तीत आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं आणि औषधांचा पुरवठा नियमित केला. प्रयोगशाळा नव्हतीच, स्राव असेल तर एक औषध, व्रण असेल तर दुसरं. दोन वर्षांत या वस्त्यांत १.२ टक्के लोकांना नव्यानं लागण झाली, जोडीदार वस्त्यांत १.९ टक्के. म्हणजे जवळपास चाळीस टक्के घट! १९९५ मध्ये हा निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तेव्हा स्वस्तातला उपाय सापडला असं अनेकांना वाटलं.

राकाईतला प्रयोग त्याहून जोरकस होता. लक्षणं असोत-नसोत, दर दहा महिन्यांनी घरोघरी जाऊन प्रौढांना अ‍ॅझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल द्यायचं, तेही कर्मचाऱ्यासमोरच गिळायला लावून. तुलनेच्या गटाला जंताची गोळी, लोह-फॉलिक आणि जीवनसत्त्वं मिळाली. काही गुप्तरोग खरोखर घटले. एचआयव्हीचं काय? दोन्ही गटांत दरवर्षी शंभरामागे दीड नवी लागण. फरक शून्य.

मग खरं कोण? माझ्या मते दोघंही. म्वांझात तेव्हा प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होतं, राकाईत सोळा. साथ कोवळी असते तेव्हा ती मुख्यतः अनेक जोडीदार असलेल्यांत फिरते आणि गुप्तरोगही त्यांच्यातच जास्त. पुढे ती साध्या नवरा-बायकोंच्या घरात शिरते. तिथं परमा बरा करून फारसं काही साधत नाही. त्यातच राकाईतल्या अनेक व्रणांमागे हर्पिस होता. तो विषाणू, त्याला प्रतिजैविकं काय करणार!

साहजिकच पुढचा नेम हर्पिसवर धरला गेला. म्वांझा परिसरातच बार आणि गेस्ट हाउसमध्ये काम करणाऱ्या, हर्पिस असलेल्या पण एचआयव्ही नसलेल्या बायकांना रोज दोनदा असायक्लोव्हिर दिलं. २००८ मध्ये निकाल आला: लागण घटली नाही. कारण पुढच्याच वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. हर्पिसचा फोड भरून वरची कातडी नीट झाली, तरी त्या जागी सीडी-४ पेशींचा जमाव कित्येक आठवडे हटत नव्हता, औषध चालू असतानाही.

म्वांझाची लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत मात्र टिकली, आपल्याकडेही. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांची औषधं रंगीत पाकिटांत मिळतात: मूत्रमार्गातून स्राव येत असेल तर करडं, हर्पिसला लाल. लाल पाकिटातल्या असायक्लोव्हिरनं फोड लवकर बसतो आणि ठणका कमी होतो. एचआयव्हीपासून वाचायला कंडोम वेगळा लागतो.